माती होईपर्यंत लाईन बंद

पप्पा, तुमची काळी वायर अजून आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, पाठोपाठ आई गेली, आम्ही सासर सोडून तुमच्या या घरात राहायला आलो, दारातलं पेरूचं झाड गेलं, नगरचं नाव बदललं आणि एसटीच्या पाट्याही नव्या रंगवून झाल्या. पण गल्लीला केबल टीव्ही द्यायला तुम्ही गच्चीगच्चीवरून ओढलेली ती वायर अजून तशीच लोंबते आहे, आणि दिवाळीपासून तिने माझ्या डोक्याला नुसता ताप दिला आहे. रागावून लिहायला बसले आहे, म्हणून खुशाली वगैरे काही विचारत नाही. माझीही सांगत नाही. आधी भांडण, मग बाकीचं.

इंटरनेट म्हणजे काय ते तुम्हाला समजावत बसण्यात अर्थ नाही, शाळेत दिवसभर समजावून माझा घसा बसलेला असतो. एवढंच धरून चाला, की ज्या वायरीतून पूर्वी गाणी आणि मॅच यायची, तिच्यातूनच आता तुमच्या नातीची नोकरी येते. तुम्ही होतात तेव्हा ती बालवाडीत होती, तुमच्या खांद्यावर बसून गच्चीवरच्या छत्रीला हात लावायची. आता ती पुण्याच्या एका कंपनीत आहे आणि तुमच्या वरच्या खोलीत दार लावून, कानाला यंत्र लावून दिवसभर भिंतीशी इंग्रजीत बोलते. कंपनीने सांगितलं आहे, की नेट नीट असेल तोवर घरून काम कर, नाहीतर पुण्याला ये. आणि ती पुण्याला जायला नको, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. तिला सांगत नाही. तिला म्हणते, तुझं करिअर आहे, तू बघ. पण तिच्या वडिलांची बँक श्रीरामपूरला, ते सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. ही गेली तर मी शाळेतून येऊन कुलूप उघडायचं आणि स्वतःशीच चहा प्यायचा. मला ते नको आहे.

नेट मात्र नीट नाही. कसं असेल? तुमच्या वायरीला जितके जोड आहेत तितके आमच्या वर्गातल्या बाकांनाही नाहीत. त्यात उसाचा हंगाम. कारखान्याचा भोंगा वाजला की आपल्या रस्त्यावरून ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चालतो, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वेळी बैलगाड्या जास्त होत्या, त्यांची उंची बेताची. आता ट्रॉलीवर एवढा ऊस लादतात की वरच्या पाल्याचं वाढं थेट वायरीला भिडतं, आणि ट्रॉली निघते ती वायर गळ्यात घालून. ड्रायव्हरला पत्ताही नसतो, त्याची गाणी चालू असतात. गेल्या महिन्यात ही तिच्या साहेबाशी बोलता बोलता मध्येच थिजली. नेट गेलं की पडद्यावर माणूस थिजतो, पप्पा, तोंड उघडं असेल तर उघडंच राहतं. साहेबाने फोन करून विचारलं, काय झालं? ही प्रामाणिक पोर, म्हणाली, "सर, उसाची ट्रॉली वायर घेऊन गेली." साहेब हसत सुटला. त्याला वाटलं चेष्टा करते आहे. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा तो हसला नाही, आणि तिसऱ्यांदा म्हणाला की एक तर चांगलं कनेक्शन घे किंवा ऑफिसला येऊन बस, कारणं फार झाली. ही खाली आली आणि मला म्हणाली, "मम्मी, फायबर घे. नाहीतर मी पुण्यात रूम बघते."

फायबर म्हणजे काचेची तार. तिच्यातून उजेड धावतो म्हणे, आणि उजेडाबरोबर सगळं. घेऊन टाकायचं आणि मोकळं व्हायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आपल्याकडे एखादी गोष्ट सरळ झाली तर गल्लीचं नाव खराब होईल. शाळेत शिक्षकांच्या खोलीत सहज विषय काढला आणि पस्तावले. विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर आकृती काढली. पीटीचे सर म्हणाले, आमचं फायबर उंदराने खाल्लं, उंदराला ते फार आवडतं. मराठीच्या बाई म्हणाल्या, कशाला घेता, मुली काय घरात राहणार आहेत का, आज ना उद्या जायच्याच. त्यांना मी त्या दिवशी डब्यातली चटणी दिली नाही. घरी येऊन नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा, मला फक्त सही कुठे करायची ते सांगा." उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं बरी, पप्पा. हा तर उंटावर बसायलाही तयार नाही.

शेवटी आपल्या लाईनवाल्याला बोलावलं. तुमच्या मागे आईने ज्याला लाईन चालवायला दिली तोच हा. तेव्हा सडपातळ होता, आता जिना चढताना थांबतो. फायबरची एजन्सीही त्यानेच घेतली आहे, म्हणजे वैद्यही तोच आणि खांदेकरीही तोच. मी त्याला विचारलं, काचेची तार ट्रॉलीने तोडली तर? म्हणाला, "तुटनार न्हाई ताई, विजंच्या खांबाच्या वरून नेतो." आणि तुटलीच तर? "तुटली तर जोडायला मशिन हाय." कुठे आहे? "सध्या श्रीरामपूरला गेलंय." नंतर मी दोनदा मुद्दाम विचारलं, तेव्हाही ते श्रीरामपूरलाच होतं. तुमची वायर तुटली की तुम्ही दाताने वरचं साल काढून, तांबं पिळून, चिकटपट्टी मारून मोकळे व्हायचात, हे आठवलं आणि उगीच तुमचा राग आला. दाताने जोडलेल्या वायरीवर एका मुलीची नोकरी किती दिवस चालायची?

मग चहाचा कप खाली ठेवत तो खरं बोलला. "ताई, तुमी फायबर घेतलं की मी ही केबल काढून टाकनार. हितून मागं आता राहिलंय कोन? बाकी समदी छत्रीवर न्हाईतर मोबाईलवर गेली. तुमी आन मागच्या काकू. एका टीवीसाठी रस्त्यावरून वायर ठिवायची आन ट्रॉलीवाल्यांशी रोज भांडायचं, आपल्याच्यानं हुनार न्हाई." आणि त्याने जिन्याखाली बोट दाखवलं, तुमच्या त्या बूस्टरकडे.

म्हणजे घोडं अडलं ते तिथे. आपल्या जिन्याखाली, भाकरीच्या तव्याशेजारी भिंतीला ठोकलेली ती पत्र्याची पेटी. रस्त्यावरून आलेली वायर तिच्यात शिरते, आपल्या विजेवर तिथे जोर घेते आणि मग मागच्या बोळातल्या घरांकडे जाते. आपलं नेटही तिच्यातूनच पुढे जातं. लहानपणी मला वाटायचं, अख्ख्या बोळाचा टीव्ही त्या पेटीत राहतो. तुम्हालाही तसंच वाटत असावं, कारण तिची पिन काढायचा हक्क घरात कुणालाच नव्हता. आई झाडतानाही तिच्या बाजूने झाडायची. पिन काढायचे ते फक्त तुम्ही, आणि तीही एकाच कारणासाठी.

गल्लीत कुणी गेलं, की लाईन बंद. हा तुमचा नियम. कुणाचंही मयत असो, मराठ्यांचं, मुसलमानांचं, आपल्या चर्चमधल्या कुणाचं, तुम्ही उठून जिन्याखाली जाणार आणि पिन काढून खिशात घातल्यासारखे दारात उभे राहणार. कुणी विचारायला आलं की एकच वाक्य, "माती होईपर्यंत लाईन बंद." मग मातीला जायचं, येऊन हातपाय धुवायचे आणि पिन लावायची. कुणाच्या घरात रडणं चालू असताना शेजारच्या घरातून नाचगाणी ऐकू येऊ नयेत, एवढंच तुमचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं. पण लोकांना विचारायची पद्धत असते की नाही? पैसे भरणारी माणसं ती. मुंबईहून पाहुणे यायचे म्हणून एखाद्याची माती दुसऱ्या दिवशी निघायची, तोवर अख्खा बोळ तुम्हाला शिव्या घालायचा. तुम्हाला त्या शिव्यांचं काही वाटायचं नाही. मला शाळेत ऐकाव्या लागायच्या.

आणि काकांची ती दुपार. ती आठवली की आजही मला कुठे तोंड लपवू असं होतं. मागच्या घरातले काका नगरच्या दवाखान्यात होते, आणि डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. गाडी बोळात शिरते, बायका हंबरडा फोडतात, आणि तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठता. आई म्हणते, अहो, बघून तरी या. तुम्ही म्हणता, बघायचं काय त्यात, आणि पिन काढता. त्या दिवशी भारताची मॅच. माणसं चिडून बाहेर आली, पण काकांचं नाव ऐकून मुकाट परत गेली. काकूंच्या ओट्यावर पाहुणे जमले, कुणीतरी बांबूचीही चौकशी केली. आणि दुपारी काकांनी डोळे उघडले. पाणी मागितलं. मग उशाशी तक्क्या द्या म्हणाले, मग म्हणाले मॅच लावा. काकूंनी टीव्ही लावला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या.

काकू मागच्या भिंतीशी येऊन ज्या ओरडल्या, ते ऐकायला पुन्हा गल्ली गोळा झाली. "भाऊ, माजा नवरा जिता हाय आन तुमी त्याची लाईन काटली! मानूस जाऊ तर द्याल का न्हाई?" तुम्ही पिन लावली, चपला न घालता मागे पळालात, आणि मी तुमच्या मागे. काका तक्क्याला टेकून बसले होते, चेहरा पांढरा. लाईन बंद होती एवढं त्यांना कळलं होतं, आणि तुमचा नियम तर त्यांना ठाऊकच होता. त्यांनी तुम्हाला जवळ बोलावून हळूच विचारलं, "भाऊ, कोन गेलं हो गल्लीत?"

तुम्ही क्षणभर काकूंकडे बघितलंत. मग म्हणालात, "कुणी नाही हो. वायर गेली होती."

काका त्यानंतरही पुष्कळ जगले. दर मॅचला तुमच्या वायरीला नावं ठेवत जगले. आणि काकूंनी त्या दिवसापासून सगळा कारभारच हातात घेतला. "हितून फुडं मला इचारल्याबिगर पिन काडायची न्हाई. मी सांगंन खरं गेलं का ते." तुम्ही, कुणाचंही न ऐकणारे, काकूंचं ऐकायला लागलात. मयत झालं की आधी भिंतीशी जाऊन विचारायचात, काकू, काढू का? आणि त्या आतून सांगायच्या, व्हय, काडा. किंवा, थांबा, डाक्टर आत हाय.

तर आता तुम्हीच सांगा, ही लाईन मी कोणत्या तोंडाने काढू? तरी एका संध्याकाळी ठरवून मागच्या भिंतीशी गेले. जावं लागलं नाही म्हणा, काकूंचीच हाक आली. काका गेल्यावर त्या एकट्याच राहतात, मुलगा पुण्याला. दिवसाआड त्यांची हाक ठरलेली. "आगं ए, मुंग्या आल्या गं टीवीला!" मी म्हणाले, काकू, आता मुंग्या येत नाहीत, आता सरळ काळं होतं. "काळं तर काळं. यऊन बघ की." गेले. टीव्ही व्यवस्थित चालू होता. रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं होतं. ते नीट करून मी म्हणाले, "काकू, लाईनवाला वायर काढायची म्हणतो आहे."

"काडू दे की."

"मग तुमचा टीव्ही बंद होईल."

"मंग न्हाई काडायची."

"तुमच्या मुलाने छत्री आणून दिली आहे ना? ती लावून घ्या."

ती छत्री अंगणात उताणी पडली होती आणि तिच्यात सांडगे वाळत होते. काकूंनी तिकडे बघितलंही नाही. "छत्रीचं चितर गेलं तर कुनाला हाका मारू? पुन्याला?" मी म्हणाले, माझी मुलगी पुण्याला जाईल हो, नेटपायी. तर म्हणाल्या, "जाऊ दे की. माजा न्हाई का गेला?" आणि मग माझा चेहरा बघून थोड्या मऊ झाल्या. "मी हाय तवर ऱ्हाऊ दे. मी मेल्यावर काड काय काडायचं ते. लई दिस न्हाई ऱ्हायले."

"हे तुम्ही दहा वर्षं म्हणता आहात, काकू."

"मंग आजून दहा म्हनंन."

घरी येऊन मी भांडी आपटली. एका बाजूला पोरगी पुण्यातल्या खोल्यांचे फोटो बघत बसलेली, दुसऱ्या बाजूला ही म्हातारी सांडग्यांची छत्री घेऊन. मध्ये मी आणि तुमची पेटी. तुम्ही असतात तर काय केलं असतंत हे मला पक्कं माहीत आहे. तुम्ही दोघींनाही हो म्हणाला असतात आणि गच्चीवर निघून गेला असतात. भिजत घोंगडं ठेवण्यात तुमचा हात कुणी धरला नसता.

पण काकूंना नाही म्हणणं माझ्या जिभेवर येईना, त्याचं कारण सांगते. तुम्ही गेलात त्या दुपारचं. तुम्हाला ते कळायचं कारण नाही. तुम्ही मधल्या खोलीत चटईवर होतात, आई तुमच्या पायाशी, पाळकसाहेब अजून यायचे होते. मी सासरहून नुकतीच पोचले होते. आणि चारी बाजूंनी टीव्हीचे आवाज येत होते, पप्पा. कुठल्यातरी मालिकेतली सासू तारस्वरात बोलत होती, कुठे साबणाची जाहिरात. लोकांना कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि सवय नव्हती. टीव्ही बंद करायचं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं, ते तुमचं काम. मला उठून पिन काढावीशी वाटली, पण आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. इतका संताप मला आयुष्यात पुन्हा आला नाही. तेवढ्यात मागच्या दाराने काकू आल्या. हाताला पीठ तसंच. आमच्याकडे बघितलं नाही, रडल्या नाहीत, सरळ जिन्याखाली गेल्या आणि पिन काढली. एकेक घर गप्प झालं. मग त्या खोलीत येऊन म्हणाल्या, "भाऊंसाठी न्हाई बंद व्हनार तर कुनासाठी व्हनार?" आणि तुमच्या उशाशी बसून ज्या रडल्या, तसं आईही रडली नसेल. तुमची माती होऊन आम्ही परत आलो, तेव्हा पिन त्यांनीच लावली.

इथवर लिहून पत्र अर्धवट ठेवलं होतं, आता सगळं होऊन गेल्यावर पुढचं लिहिते. हे सगळं असूनही मी शेवटी ठरवलं. आई म्हणून ठरवलं, त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही. लाईनवाल्याला सांगितलं, पुढच्या आठवड्यात ये, फायबर बसव. काकूंच्या मुलाला फोन केला, म्हणाले येऊन छत्री लावून दे, त्यांना मी रोज भेटत जाईन. तो रविवारी येतो म्हणाला. काकूंना मी काही सांगितलं नाही, म्हटलं मुलगाच सांगेल. मुलीला सांगितलं. तिने माझ्या गळ्यात हात टाकले, आणि बजावलं की गुरुवारी तिचं परदेशी लोकांसमोर मोठं सादरीकरण आहे, साहेबही बघणार, तेवढा दिवस जुन्या वायरीने निभावून न्यावं. मी आपली गुरुवारची रजा टाकली. ट्रॉल्या येतील तेव्हा रस्त्यावर उभं राहून काठीने वायर वर उचलायची, असा माझा बेत होता. हसू नका, गल्लीत सगळेच करतात.

गुरुवारी सकाळी तिने दाराला कागद चिकटवला, हाक मारू नये. आतून तिचा आवाज येत होता, अगदी ठाम, बाईमाणसासारखा. मी काठी घेऊन दारात उभी. तेवढ्यात मागून काकूंकडे भांडी घासणाऱ्या बाईची किंकाळी आली.

काकू पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चहा प्यालेला होता. समोर टीव्ही चालू, एक बाई हसत हसत वड्या थापत होती. मी नाडी बघितली, मग बोळातल्या डॉक्टरांना बोलावलं. काकांच्या वेळची चूक माझ्या हातून होणार नव्हती. डॉक्टरांनी मान हलवली. मुलाला फोन केला. आणि मी घरी आले, जिन्याखाली गेले.

आता नीट ऐका. मी भूगोलाची शिक्षिका आहे, मला तर्क कळतो. त्या क्षणी त्या लाईनवर अख्ख्या बोळात एकच टीव्ही होता, आणि तो ज्यांचा होता त्याच गेल्या होत्या. तो बंद करायला रिमोट पुरेसा होता, तो त्यांच्या मांडीवरच होता. पिन काढून बंद होणार होती फक्त एक गोष्ट, वर चाललेली माझ्या मुलीची नोकरी. तिचा आवाज माझ्या डोक्यावरून ऐकू येत होता. हे सगळं मला कळत होतं, आणि मी पिन काढली. काकूंसाठी लाईन बंद झाली नाही, असं मला चालणार नव्हतं. बस. याहून दुसरं कारण माझ्याकडे नाही.

वर खुर्ची सरकली. "मम्मी! नेट गेलं! मम्मी!" ती जिन्यावर आली, चेहरा रडवेला. मी पिन पदराखाली धरली होती. ती म्हणाली, काय झालं? आणि माझ्या तोंडून निघालं, "वायर गेली गं."

ती गच्चीवर पळाली, पाण्याच्या टाकीला टेकून मोबाईलवरून कसंबसं बोलली. अर्धं ऐकू गेलं, अर्धं नाही. साहेबाने नंतर झापलं आणि शेवटची ताकीद दिली. खाली आल्यावर तिला काकूंचं कळलं, तेव्हा स्वतःचं रडं विसरून ती माझ्याबरोबर मागे आली आणि मुलगा येईपर्यंत बसून राहिली. मधून एकदाच म्हणाली, "आजोबांच्या वायरीला आजचाच दिवस सापडला." संध्याकाळी अमरधामहून सगळे परतले, मी हातपाय धुतले आणि पिन लावली. नेट आलं.

ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात फायबर बसलं. पांढरी, दोऱ्याएवढी तार. लाईनवाल्याने तुमची काळी वायर उतरवून कोपरावर गुंडाळली आणि पेटी भिंतीवरून काढली. मुलगी पुण्याला जाणार नाही, निदान यंदा नाही, हे खरं. नेट एवढं पळतं की ती दिवसभर खोलीतून बाहेरच येत नाही. पूर्वी नेट जायचं तेव्हा वैतागून खाली यायची, ओट्यावर बसून माझ्याबरोबर चहा प्यायची, साहेबाच्या नकला करायची. आता चहा वर नेऊन द्यावा लागतो, आणि ती पडद्यावरून नजर न हलवता मानेने थँक्यू म्हणते. मागच्या भिंतीकडून हाक येत नाही. म्हणजे सगळं मनासारखं झालं आहे, आणि मी भांडी अजून आपटतेच आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि घरातही ठेवायची सोय नाही. पोरीच्या हाती लागलं तर पंचाईत होईल. चुलीत घालीन. पण घालण्याआधी एवढं सांगायचं होतं. वायर गुंडाळताना लाईनवाला तिच्यावरून बोट फिरवत म्हणाला, "ताई, रस्त्यापासून हितपातुर एक बी जोड सुटलेला न्हाई. मंग गुरुवारी गेली कशानं?" मी म्हणाले, जुनी झाली होती. पप्पा, वायर चांगली होती. घरात अजूनही सगळे तिलाच नावं ठेवतात, आणि मी ठेवू देते.